अब्राहम लिंकन : मागे न फिरलेले पाऊल

इतिहासाच्या तासाला अब्राहम लिंकन यांचे चरित्र मी अनेक वर्षे शिकविले. ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेला मुलगा, चुलीच्या उजेडात केलेले वाचन, पुढे अमेरिकेचे अध्यक्षपद आणि गुलामांची मुक्तता, अशी माझी ठराविक मांडणी असे. एके वर्षी मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. गुलामगिरी वाईट आहे हे लिंकनला आधीपासून कळत होते, तर अध्यक्ष झाल्याच्या पहिल्याच दिवशी त्याने गुलामांना मुक्त का केले नाही, असे त्याने विचारले. मी युद्ध, कायदा असे चार शब्द सांगून वेळ मारून नेली. विद्यार्थी खाली बसला. परंतु त्याचे समाधान झाले नव्हते आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा त्या प्रश्नाचा मी नव्याने मागोवा घेतला. ज्ञातिबांधवांच्या या स्मरणिकेत ते उत्तर, उशिरा का होईना, सादर करीत आहे.

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात झाला. वडील टॉमस हे शेतकरी व सुतार. अब्राहम सात वर्षांचा असताना हे कुटुंब इंडियाना राज्यातील अरण्यात राहावयास गेले. तो नऊ वर्षांचा असताना त्याची आई नॅन्सी वारली. पुढच्या वर्षी सारा ही सावत्र आई घरात आली आणि तिने या पोरक्या मुलाला पोटच्या मुलासारखी माया लावली. त्याच्या वाचनाच्या वेडाला उत्तेजन दिले ते तिनेच. सर्व मिळून त्याचे शालेय शिक्षण एक वर्षाचेही झाले नाही. पुढे इलिनॉय राज्यात आल्यावर त्यांनी दुकान चालविले व त्यात कर्ज करून घेतले. पोस्टमास्तरकी केली, जमिनीची मोजणी केली, आणि स्वतःच्या हिमतीवर कायद्याचा अभ्यास करून १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळविली.

त्या काळी अमेरिकेतील दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरी कायदेशीर होती. १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या सुमारे ३९ लाख ५० हजार इतकी भरली. कापसाची शेती त्यांच्या घामावर चालत असे. गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मूल जन्मतःच गुलाम ठरे. त्याची बुद्धी, त्याचे कर्तृत्व, त्याचा सदाचार, कशाचीही चौकशी होत नसे. जन्म पाहिला की निकाल लागत असे. आईपासून मूल व पत्नीपासून पती वेगळा करून विकण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. शास्त्राचे दाखले देऊन या व्यवस्थेचे समर्थन करणारे धर्मोपदेशकही पुष्कळ होते.

१८३७ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने गुलामगिरीविरोधी चळवळीचा निषेध करणारा ठराव प्रचंड बहुमताने संमत केला. तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या लिंकन यांनी एका सहकाऱ्यासह लेखी विरोध नोंदविला आणि गुलामगिरी अन्यायावर उभी आहे असे स्पष्टपणे मांडले. मात्र ज्या राज्यांत ती आहे तेथे हात घालण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्र सरकारला दिलेला नाही, हेही त्याच कागदात त्यांनी नमूद केले. ही दोन मते म्हणजे त्यांच्या पुढील आयुष्याच्या रथाची दोन चाके होत. एक चाक सदसद्विवेकाचे, दुसरे कायद्याचे. आणि ती दोन्ही एकाच दिशेने फिरावयास पुढे पंचवीस वर्षे लागली.

१८५४ मध्ये सिनेटर स्टीफन डग्लस यांनी कॅन्सस व नेब्रास्का या नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करून देणारा कायदा मंजूर करून घेतला. राजकारणातून जवळजवळ निवृत्त होऊन वकिलीत रमलेले लिंकन त्या बातमीने खडबडून जागे झाले. १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी या दोघांत सात जाहीर वादविवाद झाले. जागा डग्लस यांना मिळाली. लिंकन यांचे नाव मात्र देशभर झाले.

येथे एक कटू गोष्ट लपविता कामा नये. याच वादविवादांत एके ठिकाणी, प्रतिपक्षाच्या डिवचण्यापुढे, गोऱ्या व काळ्या लोकांना सामाजिक व राजकीय समानता देण्याच्या आपण पक्षाचे नाही, असे लिंकन यांनी सांगितले. गुलाम मुक्त झाल्यावर त्यांना परदेशी वसवावे ही कल्पनाही त्यांच्या मनात दीर्घकाळ घर करून होती. १८६२ च्या ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना बोलावून त्यांनी ती त्यांच्यापुढे मांडली देखील. ज्या समाजात ते वाढले त्याचे पूर्वग्रह त्यांच्याही अंगी मुरलेले होते. चरित्रकार हे सांगण्यास संकोचतात. मला मात्र वाटते की, हे सांगितल्यावाचून त्यांचे मोठेपण कळतच नाही.

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. मते पडली ती शंभरात चाळीसच्या आसपास. परंतु विरोधक तिघांत विभागले गेले होते. त्यांनी ४ मार्च १८६१ रोजी शपथ घेण्यापूर्वीच सात राज्ये देशातून फुटून निघाली. एप्रिलमध्ये सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्धाला तोंड फुटले. आणखी चार राज्ये बंडखोरांना मिळाली. केंटकी, मिझूरी, मेरिलँड व डेलावेअर ही गुलामगिरी असलेली चार राज्ये मात्र देशाबरोबर राहिली होती. ती गमावली असती तर युद्ध हरल्यातच जमा होते, आणि युद्ध हरले असते तर एकही गुलाम सुटला नसता. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या उत्तराचा हा पहिला भाग. म्हणूनच सेनापती फ्रेमाँट यांनी मिझूरीत परस्पर गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला, तेव्हा लिंकन यांनी तो रद्द केला. गुलाममुक्तीचे कैवारी त्यांच्यावर तुटून पडले. लिंकन यांनी ते सारे सोसले.

हा काळ घरच्या दुःखाचाही होता. फेब्रुवारी १८६२ मध्ये अकरा वर्षांचा मुलगा विली अध्यक्षांच्या निवासस्थानीच वारला. मेरीबाई शोकाने खचल्या. त्यातच रणांगणावरून पराभवाच्या वार्ता येत होत्या.

अशा स्थितीत जुलै १८६२ मध्ये लिंकन यांनी आपल्या मंत्रिमंडळापुढे मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा ठेवला. शांततेच्या काळात अध्यक्षाला नसलेला अधिकार युद्धकाळी सरसेनापती या नात्याने आपणास लाभतो, हा कायद्याचा धागा त्यांना सापडला होता. परराष्ट्रमंत्री सूअर्ड यांनी सुचविले की, पराभवाच्या छायेत काढलेला जाहीरनामा अगतिकतेचा वाटेल. एखाद्या विजयाची वाट पाहावी. १७ सप्टेंबरला अँटिएटम येथे शत्रूला मागे हटावे लागले, आणि पाचच दिवसांनी प्राथमिक जाहीरनामा निघाला. १ जानेवारी १८६३ रोजी अखेरची सही व्हावयाची होती. नववर्षाच्या भेटीस आलेल्या लोकांशी सकाळपासून हस्तांदोलन करून लिंकन यांचा हात कापत होता. सही थरथरती आली तर पुढील पिढ्या म्हणतील की सही करताना याचे मन कचरले, म्हणून ते क्षणभर थांबले आणि मग हात स्थिर करून त्यांनी सही केली.

हा जाहीरनामा बंडखोर प्रदेशापुरताच होता. निष्ठावंत चार राज्यांतील गुलामांना तो लागू नव्हता. परंतु त्याने सैन्याची दारे कृष्णवर्णीयांना उघडून दिली. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक युद्धात उतरले. आरंभी त्यांना गोऱ्या सैनिकांहून कमी वेतन मिळे. स्वतः गुलामीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८६३ मध्ये लिंकन यांची भेट घेऊन त्याबद्दल तक्रार केली. पुढच्या वर्षी काँग्रेसने समान वेतनाचा कायदा केला.

खरी कसोटी लागली ती १८६४ च्या उन्हाळ्यात. मृतांचे आकडे फुगत होते, लोक थकले होते, निवडणूक तोंडावर आली होती. मुक्तीची अट सोडा आणि तह करा, असा सल्ला मित्र व शत्रू दोघेही देऊ लागले. आपण निवडणूक हरणार अशी लिंकन यांचीही खात्री होत चालली होती. तरीही त्यांनी शब्द फिरविला नाही. ज्या कृष्णवर्णीय सैनिकांनी देशासाठी रक्त सांडले, त्यांना पुन्हा दास्यात लोटणे हा विश्वासघात ठरेल, ही त्यांची धारणा होती. सप्टेंबरात अटलांटा शहर पडले, वारे फिरले आणि ते पुन्हा निवडून आले. ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहाने गुलामगिरी देशभर नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत केली. ती अमलात आली डिसेंबरमध्ये. तोपर्यंत लिंकन हयात नव्हते.

९ एप्रिल रोजी दक्षिणेच्या सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. ११ एप्रिलच्या भाषणात लिंकन यांनी शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळावा असे प्रथमच जाहीरपणे सुचविले. सात वर्षांपूर्वी ज्यांनी समानता नाकारली होती, तेच हे लिंकन! श्रोत्यांत जॉन विल्क्स बूथ हा नट होता. तीन दिवसांनी त्याने नाट्यगृहात त्यांच्यावर गोळी झाडली. १५ एप्रिल १८६५ च्या सकाळी लिंकन यांची प्राणज्योत मालवली.

या युद्धाची झळ आपल्या मुंबईलाही निराळ्या रीतीने पोहोचली होती. अमेरिकेचा कापूस अडल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्याकडील कापूस घ्यावा लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच सारा डोलारा कोसळला. याउलट गिरण्या बंद पडून उपाशी राहिलेल्या मँचेस्टरच्या कामगारांनी, स्वतःचे नुकसान सोसून, लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र धाडले. कापूस एकच, परंतु कोणी त्यात भाव पाहिला, कोणी माणूस पाहिला.

आपल्या महाराष्ट्रातही तो माणूस पाहणारे एक नेत्र होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्या सज्जन लोकांस अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या मुक्ततेसाठी तोच कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली.

आता त्या विद्यार्थ्याला उत्तर देता येईल. बाळा, पहिल्या दिवशी लिंकन यांना तो अधिकार नव्हता, सामर्थ्यही नव्हते, आणि त्यांचे मनही अद्याप तेवढे मोठे झालेले नव्हते. परंतु मनाला जे पटले तेथवर ते कायद्याला घेऊन गेले. आणि एकदा पुढे टाकलेले पाऊल, निवडणूक हरण्याच्या भीतीनेही, त्यांनी मागे घेतले नाही.

ज्ञातिबांधवहो, आपली स्मरणिका एका ज्ञातीची आहे. आपल्या मुलांच्या शिष्यवृत्त्या, वधूवरांच्या याद्या, गुणवंतांचे सत्कार हे सर्व योग्यच आहे. तथापि जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचा पूर्वग्रह आपल्याही घरांतून वाहत आला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो अंगी असणे हे आपल्या हाती नव्हते. तो टाकणे मात्र आहे. कालच्यापेक्षा आज आपण एक पाऊल पुढे आहोत काय, एवढा प्रश्न प्रत्येकाने या वर्षअखेरीस आपल्या उंबरठ्यावर उभे राहून स्वतःला विचारावा, अशी एका वृद्ध शिक्षकाची नम्र विनंती आहे.