ऑस्वाल्ड एव्हरी : एक शांत संशोधक



ऑस्वाल्ड एव्हरी यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८७७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. १९०४ मध्ये ते डॉक्टर झाले. पण कित्येक रोग्यांना आपण बरे करू शकत नाही, याची त्यांना खंत वाटे. म्हणून ते संशोधनाकडे वळले आणि १९१३ पासून रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या जंतूंचा अभ्यास करू लागले.

१९२८ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांना दिसले, की मेलेल्या घातक जंतूंच्या सहवासात निरुपद्रवी जंतूही घातक बनतात. एव्हरींना प्रथम हे पटेना. मग त्यांच्याच प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे प्रयोग झाले. १९४४ मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, मॅक्लाउड व मॅकार्टी या सहकाऱ्यांसह त्यांनी दाखवून दिले, की हा गुण डीएनएमधून जातो.

आपल्या तोंडा-घशातही असेच घडू शकते. तोंडातील मायटिस नावाच्या सौम्य जंतूत पेनिसिलिनला दाद न देणारी जनुके असली, तर त्यांचे तुकडे न्यूमोनियाचा जंतू उचलतो. मग त्याची भित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना पेनिसिलिन नीट चिकटत नाही आणि औषध लागू पडत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय अँटिबायोटिक कधीही घेऊ नका.

एव्हरींना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. २० फेब्रुवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. जे पटत नाही ते नाकारून न बसता तपासून पाहावे, हा त्यांच्या जीवनाचा धडा आपण सर्वांनी घ्यावा.