अभंगातून ख्रिस्त सांगणारे रेव्हरंड टिळक

नगर जिल्ह्यातल्या चर्चमध्ये आजही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं गायली जातात. १८६१ साली कोकणातल्या करजगावी ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं त्या नगरला आल्या आणि स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या.

नगरला मिशनच्या कामात असताना टिळकांना एक गोष्ट खटकायची. परक्या चालीची गाणी अन् पुस्तकी मराठी खेड्यातल्या माणसाच्या कानावरून जायची, काळजात उतरत नव्हती. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग मात्र शाळा न शिकलेल्यालाही पाठ. मग टिळकांनी तीच वाट धरली. अभंग रचले, कीर्तनं केली. ख्रिस्ताला त्यांनी गुरुमाउली म्हटलं. माउली म्हणजे काय, हे वारकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

१९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथं जागा होती. पण हाती वेळ थोडाच उरला होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ओवीतलं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं. शाळेत फारशा न गेलेल्या लक्ष्मीबाईंनीच ते पुढं पुरं केलं.