जेम्स सम्नर

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कँटन नावाचे गाव आहे. तेथे १८८७ साली जेम्स सम्नर यांचा जन्म झाला. सतराव्या वर्षी शिकारीला गेले असता सोबत्याच्या बंदुकीची गोळी चुकून त्यांच्या डाव्या हाताला लागली, आणि तो हात कोपराखाली कापावा लागला. सम्नर तर डावखुरे! लिहिण्यापासून टेनिस खेळण्यापर्यंत सारे काही त्यांनी उजव्या हाताला नव्याने शिकविले. पुढे हार्वर्डला ते जीवरसायनाच्या अभ्यासासाठी गेले, तेव्हा एका हाताच्या माणसाला रसायनशास्त्र साधावयाचे नाही, असे प्राध्यापक फोलिन यांनी सुचविले. सल्ला कदाचित हिताचाही असेल. सम्नर यांनी तो मानला नाही. १९१४ मध्ये डॉक्टर ही पदवी मिळवून ते कॉर्नेल विद्यापीठात शिकवू लागले.

शिकविण्याचे काम पुष्कळ, पैसा व साधने तुटपुंजी. तरीही १९१७ साली त्यांनी एखादे विकर शुद्ध रूपात मिळविण्याचे मनावर घेतले. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारा पदार्थ म्हणजे विकर. ते डोळ्यांना दिसत नाही. मग ते किती आहे, हे ओळखावे कसे? त्याच्या कामावरून! सम्नर यांनी अबईच्या जातीच्या एका शेंगेचे दाणे घेतले. त्यांतील युरिएज हे विकर युरियाचे विघटन करते व अमोनिया निर्माण होतो. युरिया भरपूर असेल, तर दुप्पट विकराने तेवढ्याच वेळात दुप्पट अमोनिया तयार होतो. शेतात कापणीला दुप्पट माणसे लावली, की काम दुप्पट वेगाने होते, तसेच हे. मात्र कापावयास पीकच थोडे असेल, तर जादा माणसे नुसती उभी राहतात.

कितीतरी प्रयत्न फसले. अखेर १९२६ साली दाण्यांचे पीठ पाणी मिसळलेल्या ॲसिटोनमध्ये कालवून त्यांनी ते गाळले, आणि तो द्रव रात्रभर थंडीत ठेवला. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तो त्यात इवलेसे स्फटिक! ते स्फटिक प्रथिनाचे होते, आणि त्यांच्या द्रावणाने युरियाचे विघटन विलक्षण वेगाने होत होते.

विकर हे प्रथिनच आहे, हा सम्नर यांचा निष्कर्ष जर्मनीतील नामांकित शास्त्रज्ञ विल्स्टेटर यांना पटला नाही. त्यांनी शुद्ध केलेल्या विकरात प्रथिन आढळतच नव्हते. खरे पाहता विकर अगदी अल्प असले तरी काम करते. तेवढे प्रथिन त्या काळच्या परीक्षेत सापडणे कठीण होते. १९३० मध्ये नॉर्थ्रॉप यांनी जठरातील पेप्सिनचे स्फटिक मिळविले, ते प्रथिनाचेच निघाले, आणि मग विरोध मावळत गेला.

१९४६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक निम्मे सम्नर यांना, तर निम्मे नॉर्थ्रॉप व स्टॅन्ली यांना मिळाले. १९५५ साली सम्नर निवर्तले.