सुट्या भागांतून जुळलेले आयुष्य

फॉर्म्युला वन शर्यतींची आवड असणाऱ्यांना मॅकलरेन हे नाव नवे नाही. अ‍ॅलन प्रॉस्ट, आयर्टन सेना, मिका हॅकिनेन, लुईस हॅमिल्टन अशा जगज्जेत्यांनी या संघाच्या गाड्या चालवल्या. २०२४ मध्ये या संघाने २६ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर संघांचे विजेतेपद पुन्हा मिळवले. मात्र ज्याच्या आडनावाने हा संघ ओळखला जातो, त्या ब्रूस मॅकलरेनला यांपैकी काहीच पाहता आले नाही. १९७० मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या कर्तृत्वाची मुळे शोधू लागले, की ती कोणत्याही मोठ्या कारखान्यात सापडत नाहीत. ती सापडतात न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात, बापलेकाने मिळून जुळवलेल्या एका जुन्या स्पोर्ट्स कारपाशी.

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा. त्याचे वडील लेस मॅकलरेन यांचे ऑकलंडच्या रेमुएरा उपनगरात सर्व्हिस स्टेशन आणि दुरुस्तीचे गॅरेज होते. तरुणपणी लेस मोटारसायकल शर्यतींत भाग घेत असत. साहजिकच पेट्रोलचा वास, उघडी पडलेली इंजिने आणि शर्यतींच्या गप्पा यांच्या सान्निध्यातच ब्रूसचे बालपण सुरू झाले. परंतु नवव्या वर्षी त्याला पर्थेस या विकाराने गाठले. या विकारात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाकार टोकाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड ठिसूळ होऊन खुब्याचा सांधा निकामी होऊ लागतो. त्या काळी त्यावर दीर्घकाळ सक्तीची विश्रांती हाच प्रमुख उपाय मानला जाई. ऑकलंडजवळच्या टाकापुना येथील विल्सन होम या संस्थेत ब्रूसला दोन वर्षे पाय जखडलेल्या अवस्थेत अंथरुणावर काढावी लागली. तो पुन्हा चालू लागला, पण डावा पाय कायमचा सुमारे दीड इंचाने आखूड राहिला. मैदानी खेळांचे वेड असलेल्या देशात, खेळण्याच्या ऐन वयात या मुलाला मैदान बंद झाले होते.

याच सुमारास लेस यांनी १९२९ सालची एक ऑस्टिन सेव्हन अल्स्टर विकत घेतली. गाडी म्हणण्यापेक्षा तो सुट्या भागांचा ढीगच होता. ती जुळवायची, चालती करायची आणि थोडाफार नफा घेऊन विकून टाकायची, असा त्यांचा सरळ व्यावहारिक हिशेब होता. तेरा वर्षांच्या ब्रूसच्या दृष्टीने मात्र त्या सुट्या भागांचे मोल वेगळेच होते.

आपल्याकडेही ‘बेबी ऑस्टिन’ या नावाने ओळखली गेलेली ऑस्टिन सेव्हन ही १९२२ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आलेली छोटेखानी मोटार. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडावी, हा तिचा मूळ उद्देश. तिचे इंजिन जेमतेम ७४७ सीसीचे. याच गाडीची हलकी, बुटकी, दोन आसनांची आवृत्ती म्हणजे अल्स्टर. १९२९ च्या अल्स्टर टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत या छोट्या गाड्यांनी तिसरा आणि चौथा क्रमांक पटकावला आणि त्या शर्यतीचेच नाव तिला चिकटले. ऑस्टिन सेव्हनची रचना इतकी साधी होती, की घरच्या घरी ती पूर्णपणे खोलून पुन्हा जोडता येई. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याची पहिली गाडीही एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच उभी राहिली होती.

साधी रचना म्हणजे सोपे काम नव्हे. या गाडीला पुढे आडवी पाट्यांची स्प्रिंग आणि मागे दोन अर्धवट पाटे असत. वळणावर गाडी कलली, की मागचा आसही किंचित वळे आणि चालकाला न विचारताच गाडी दिशा बदलू पाही. ब्रेक तारांनी ओढले जात. या तारांचा ताण चारही चाकांना सारखा नसेल, तर गाडी एका बाजूला खेचली जाई. क्लचच्या पॅडलची हालचाल तर इतकी थोडी, की नवख्या माणसाची गाडी गचका खाऊन बंद पडलीच पाहिजे. अशी गाडी जुळवणाऱ्याला प्रत्येक भागाचे काम समजून घ्यावेच लागे. शाळेव्यतिरिक्तचा वेळ ब्रूस या कामात घालवू लागला. कोणता भाग कशासाठी आहे, तो झिजला तर काय होते, त्यात किंचित बदल केला तर गाडीच्या चालीत कोणता फरक पडतो, हे तो पुस्तकाआधी हाताने शिकला.

गाडी उभी राहिली आणि लेस ती चालवून पाहण्यासाठी बाहेर पडले. परत आले ते नाराज होऊनच. तिचे वागणे आणि तिचे ब्रेक पाहून, ही ब्याद लवकर विकलेली बरी, असे त्यांचे मत झाले. ब्रूसने वडिलांची मनधरणी केली आणि गाडी घरातच राहिली. रस्त्यावर चालवण्याचा परवाना मिळण्याचे वय अद्याप झालेले नव्हते. म्हणून त्याने घरामागच्या आवारात, फळझाडांच्या मधून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणवाट आखली आणि तेथेच गाडीवर हात बसवला. १९५२ मध्ये ऑकलंडजवळच्या मुरिवाई येथील चढाच्या शर्यतीत तो या अल्स्टरसह उतरला आणि आपल्या गटात पहिला आला. फिल कर हा त्याचा मित्रही त्या काळी ऑस्टिन सेव्हनच चालवीत असे. पुढे हाच मित्र मॅकलरेन संघाच्या कारभाराचा एक आधारस्तंभ झाला. ती अल्स्टर काळाच्या ओघात नष्ट झाली नाही. इंग्लंडमधील वोकिंग येथे २००४ मध्ये सुरू झालेल्या मॅकलरेनच्या भव्य केंद्रात, जगज्जेत्या गाड्यांच्या रांगेत तिलाही मानाचे स्थान मिळाले.

त्यानंतरचा प्रवास वेगाने झाला. ब्रूसने तंत्रविद्यालयातून अभियांत्रिकीच्या शिक्षणाकडे पाऊल टाकले, पण शर्यतींनी त्याला पदवीपर्यंत पोहोचू दिले नाही. १९५८ मध्ये न्यूझीलंडमधील होतकरू चालकाला युरोपात पाठवण्याच्या योजनेचा तो पहिला मानकरी ठरला. इंग्लंडच्या कूपर कारखान्यात तो पोहोचला, तेव्हा तयार गाडी त्याची वाट पाहत उभी नव्हती. उपलब्ध भागांतून ती त्याला स्वतःच जुळवून घ्यावी लागली. हे काम त्याला नवे नव्हते. त्याच वर्षी नुर्बुर्गरिंगवरील जर्मन ग्रां प्रीत दुय्यम गटाच्या गाडीतून त्याने एकूण पाचवा क्रमांक मिळवला आणि युरोपातील जाणकारांच्या नजरेत तो भरला.

पुढच्याच वर्षी तो कूपरच्या मुख्य संघात ऑस्ट्रेलियाच्या जॅक ब्रॅबहमचा सहकारी झाला. १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेत सेब्रिंग येथील शर्यतीत आघाडीवरच्या ब्रॅबहमचे इंधन अखेरच्या फेरीत संपले. ब्रॅबहमने गाडी ढकलत नेऊन चौथे स्थान आणि जगज्जेतेपद मिळवले, तर शर्यत ब्रूसने जिंकली. २२ व्या वर्षी ग्रां प्री जिंकणाऱ्या ब्रूसचा लहान वयाचा हा विक्रम २००३ मध्ये फर्नांडो अलोन्सोने मोडेपर्यंत टिकला. १९६० मध्ये अर्जेंटिना आणि १९६२ मध्ये मोनॅको येथेही तो विजयी झाला.

नाव झाले, तरी दुसऱ्याने बांधलेल्या गाडीत बसून ती नुसती चालवण्यात त्याचे समाधान होत नव्हते. १९६३ मध्ये त्याने स्वतःचा संघ स्थापन केला. या संघाची सुरुवात फार करुण झाली. फेब्रुवारी १९६४ मध्ये टास्मानियातील लाँगफर्ड येथे त्याचा तरुण अमेरिकी सहकारी टिमी मेयर सरावाच्या वेळी अपघातात मरण पावला. टिमीचा भाऊ टेडी मेयर मात्र ब्रूसची साथ सोडून गेला नाही. पेशाने वकील असलेल्या टेडीने संघाचा व्यवहार हाती घेतला.

इंग्लंडमध्ये न्यू मॉल्डन येथील मातीच्या जमिनीची एक शेड हे या संघाचे पहिले ठिकाण. रस्ते सपाट करणारे एक अवजड यंत्रही त्याच शेडमध्ये उभे असे. येथे ब्रूसने जे काम हाती घेतले, ते त्याच्या किशोरवयाशी नाते सांगणारे होते. १९६१ च्या अपघातात मोडलेल्या एका फॉर्म्युला वन कूपरपासून अमेरिकी चालक रॉजर पेन्स्के याने ‘झेरेक्स स्पेशल’ ही स्पोर्ट्स कार तयार केली होती. ही वापरलेली गाडी ब्रूसने विकत घेतली, तिच्या सांगाड्याचा मधला भाग कापून काढला, तेथे नव्या नळ्या जोडल्या आणि त्यात ओल्ड्समोबिलचे आठ सिलिंडरचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन बसवले. जून १९६४ मध्ये कॅनडातील मॉस्पोर्ट येथे ही गाडी पहिल्याच शर्यतीत जिंकली. त्याच वर्षी संघाने संपूर्णपणे स्वतःची अशी पहिली स्पोर्ट्स कार तयार केली.

ब्रूसची कार्यपद्धती शेवटपर्यंत गॅरेजमधल्या माणसाचीच राहिली. तो स्वतः गाडी चालवून पाही, दोष ओळखे, थांबून बदल करी आणि पुन्हा चालवून पाही. एका चाचणीत गाडीच्या नाकावरचे इंधनाचे झाकण वेगात असताना वर उचलले जात असल्याचे त्याच्या लक्षात आले. वाऱ्याने ते दाबले जायला हवे होते. त्याअर्थी आतला दाब बाहेरच्यापेक्षा अधिक, हे त्याने ताडले आणि पत्रा कापण्याची कात्री घेऊन रेडिएटरच्या मागे हवेला वाट करून दिली. गाडीची पुढची पकड लगेच सुधारली.

उत्तर अमेरिकेतील कॅन-अ‍ॅम मालिकेत नारिंगी रंगाच्या मॅकलरेन गाड्यांनी निर्विवाद वर्चस्व गाजवले. १९६७ आणि १९६९ मध्ये स्वतः ब्रूस, तर १९६८ मध्ये त्याचा देशबंधू डेनी हल्म विजेता ठरला. १९६९ च्या सर्व ११ शर्यती या दोघांनीच आपसांत वाटून घेतल्या. त्याआधी १९६६ मध्ये ब्रूसने ख्रिस अ‍ॅमनसह फोर्डची गाडी चालवून ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती. १९६८ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे स्वतःच्या नावाच्या गाडीतून त्याने ग्रां प्री जिंकली. ब्रॅबहम आणि डॅन गर्नी यांच्यानंतर असे यश मिळवणारा तो तिसरा चालक होता.

जी सवय त्याचे बळ होती, तिच्यातच धोकाही होता. गाडी दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ती स्वतः पारखायची, हा त्याचा शिरस्ता. २ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवुड येथे तो नव्या कॅन-अ‍ॅम गाडीची चाचणी घेत होता. सरळ पट्ट्यावर वेगात असताना गाडीच्या मागच्या बॉडीचा भाग सुटला. त्याबरोबर मागच्या चाकांवरचा हवेचा दाब नाहीसा झाला, गाडी गरगरली आणि कडेच्या बांधकामावर आदळली. ब्रूस जागीच गेला. मागे पत्नी पॅट्रिशिया आणि चार वर्षांची मुलगी अमांडा राहिल्या. ऑकलंडच्या वाइकुमेटे दफनभूमीत त्याला चिरविश्रांती देण्यात आली.

दुसऱ्या दिवशी टेडी मेयरने कामगारांना सुट्टी दिली होती. तरीही सगळे कामावर हजर झाले. इंडियानापोलिसच्या सरावात हात भाजलेला हल्म त्या जखमांसह गाडीत बसला आणि ब्रूसच्या जागी आलेल्या गर्नीने १४ जून रोजी मॉस्पोर्टची शर्यत जिंकली. त्या वर्षीचे कॅन-अ‍ॅम विजेतेपद हल्मने मिळवले. १९७४ मध्ये एमर्सन फिटिपाल्डीच्या रूपाने संघाला पहिला फॉर्म्युला वन जगज्जेता लाभला.

नावाजलेल्या चालकाच्या पश्चात त्याचा संघ सहसा टिकत नाही. ब्रूसचा संघ टिकला, कारण त्याने मागे केवळ आपले नाव ठेवले नव्हते. समोर पडलेल्या भागांतून गाडी उभी करायची, तिचा दोष शोधायचा, तो दूर करून पुन्हा धावायचे, ही वडिलांच्या गॅरेजमध्ये लागलेली सवय त्याने सोबतच्या माणसांना लावली होती. तो गेल्यानंतरच्या सकाळी हातात पाने घेऊन कामाला लागलेल्या त्या कामगारांकडे हाच त्याचा वारसा होता.