परदेशस्थांचे कैवारी : संत जॉन बॅप्टिस्ट स्कालाब्रिनी

पोटासाठीं गांव सोडण्याचें दुःख ज्यानें भोगलें, त्यालाच तें कळतें. ज्यांतून कोणी बोटीवर, आखातांत किंवा दूरच्या शहरीं गेला नाहीं, असें घर आपल्या धर्मग्रामांतही क्वचितच असेल. म्हणून ह्या ज्युबिलीच्या प्रसंगीं अशा लोकांसाठीं आयुष्य वेंचणाऱ्या एका इटालियन बिशपांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहें.

जॉन बॅप्टिस्ट स्कालाब्रिनी ह्यांचा जन्म उत्तर इटलींतील कोमो शहराजवळ फीनो मोर्नास्को ह्या गांवीं ता. ८ जुलै १८३९ रोजीं झाला. आठ भावंडांत ते तिसरे. १८६३ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. कोमोच्या सेमिनरींत अध्यापक, मग तेथील मुख्य, पुढें त्याच शहरांत धर्मग्रामाचे गुरु, अशीं कामें करून १८७६ च्या जानेवारींत, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, ते प्याचेन्झाचे बिशप झाले. त्या धर्मप्रांतांत ३६५ धर्मग्राम होते. कित्येक डोंगरांत, वाट पायीं किंवा खेचरावरून. तरी त्यांनीं सर्व प्रांताची पांच वेळां भेट घेतली. १८७९-८० च्या दुष्काळांत भुकेल्यांस अन्न देण्यासाठीं त्यांनीं आपले घोडे विकले.

ह्या फेऱ्यांत त्यांस जागोजाग ओस घरें दिसूं लागलीं. कारण विचारतां एकच उत्तर मिळे : माणसें अमेरिकेस गेलीं. एकदां मिलानच्या स्टेशनांत त्यांनीं तीन-चारशें गरीब लोक पाहिले. वांकलेले म्हातारे, कडेवर मुलें घेतलेल्या बाया, फाटकीं वस्त्रें. सारे जेनोआ बंदराच्या गाडीची वाट पाहत बसलेले. तें दृश्य त्यांच्या मनांतून कधीं गेलें नाहीं.

त्या लोकांस नुसती गरिबी छळीत नव्हती. गांवोगांव दलाल फिरत. माणशीं त्यांस दलाली मिळे. म्हणून परदेशांतील सुखाचीं खोटीं वर्णनें करून ते शेतकऱ्यांस जहाजावर चढवीत. कायदा ह्या अन्यायास आवर घालीत नव्हता. हें ओळखून स्कालाब्रिनींनीं १८८७ सालीं अमेरिकेंतील इटालियनांविषयीं एक पुस्तिका प्रसिद्ध केली. १८८८ सालीं देशांतराच्या कायद्याचा मसुदा पार्लमेंटापुढें आला, तेव्हां उघड पत्र लिहून त्यांनीं त्यांतील दोष दाखविले. देश सोडण्याचा हक्क मनुष्यास असावा, परंतु दुसऱ्यास भुलवून देश सोडावयास लावण्याचा हक्क कोणासही नसावा, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या काळीं इटलीचें सरकार व पोपमहाराज ह्यांत तीव्र वाद होता. बिशपानें सरकाराशीं बोलणें पुष्कळ कॅथलिकांसच रुचत नसे. त्यांनीं ती टीका सोसली. तरीही १८८८ च्या कायद्यानें दलालांस परवाना देऊन कायमच ठेवलें.

ते खचले नाहींत. १८८७ सालींच पोप तेरावे लिओ ह्यांच्या संमतीनें त्यांनीं धर्मगुरूंचा मिशनरी संघ स्थापिला होता. पुढें त्यास संत चार्ल्स बोरोमिओ ह्यांचें नांव मिळालें. १८८९ सालीं प्रापंचिकांचा संत राफाएल संघ उभा राहिला. जेनोआ व न्यूयॉर्क येथील धक्क्यांवर त्यांचे गुरु प्रवाशांस ठकांपासून वांचवीत, कागदपत्रें समजावून देत, कामाचा व आसऱ्याचा मार्ग दाखवीत. मदर काब्रिनी ह्यांस न्यूयॉर्कच्या इटालियनांकडे वळविण्यांत स्कालाब्रिनींचाही हात होता. १८९५ सालीं त्यांनीं भगिनींचा संघही स्थापिला.

लोकांस जागें केल्यावांचून कायदा बदलणार नाहीं, हें जाणून ते १८९१-९२ सालीं जेनोआ, रोम, फ्लॉरेन्स, ट्युरिन, मिलान इत्यादि शहरीं व्याख्यानें देत फिरले. अखेर त्यांच्यासह अनेकांच्या प्रयत्नांस फळ आलें. ता. ३१ जानेवारी १९०१ च्या कायद्यानें जुनी दलाली मोडली, प्रवासी नेणाऱ्या जहाजवाल्यांवर जबाबदारी घातली आणि देशांतरासाठीं सरकारी खातें निर्माण केलें.

त्याच वर्षीं ते स्वतः संयुक्त संस्थानांत गेले व अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांस भेटले. १९०४ सालीं ब्राझिलांतील मळ्यांवर आपल्या लोकांस भेटून आले. परतल्यावर त्यांनीं रोमला टिपण धाडलें, तें केवळ इटालियनांसाठीं नव्हतें. सर्व राष्ट्रांच्या परदेशस्थ कॅथलिकांची काळजी घेणारें एक मंडळ रोमांत असावें, अशी त्यांत विनंति होती. ता. १ जून १९०५ रोजीं, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशीं, ते देवाघरीं गेले. १९१२ सालीं पोप दहावे पायस ह्यांनीं तशी कचेरी उघडली. १९९७ सालीं त्यांस धन्यवादित व ता. ९ ऑक्टोबर २०२२ रोजीं संत घोषित करण्यांत आलें.

प्रिय बंधुभगिनींनो, बाहेर गेलेल्या आपल्या मुलांसाठीं आपण रोज प्रार्थना करितों. परंतु दुसऱ्या कोणाचा मुलगा पोटासाठीं आपल्या गांवीं येतो, बांधकामावर राबतो, त्याची भाषा आपणांस कळत नाहीं. त्याची मजुरी कोणी बुडविली तर त्याच्या बाजूनें आपण उभे राहतों काय? आपल्या मुलाशीं परक्या बंदरांत लोकांनीं जसें वागावें असें आपणांस वाटतें, तसें आपण ह्याच्याशीं वागूं या. ज्युबिलीचें ह्याहून चांगलें स्मारक मला सुचत नाहीं.