पाऊलवाटांचे इतिहासकार

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात घोटावडे हे गाव आहे. त्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा एकामागून एक उंचावत जातात. वायव्येकडील डोंगर ओलांडले, की पवन मावळ लागते व तेथे बेडशाची लेणी दृष्टीस पडतात. त्यांच्याही पलीकडे इंद्रायणीच्या खोऱ्यालगत भाजे आणि कार्ले येथील लेणी आहेत. वस्तीपासून दूर, कठीण कातळात ही भव्य चैत्यगृहे कोणी खोदविली असतील? त्यासाठी लागणारे द्रव्य कोठून आले असेल? मावळातील लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांना पांडवांची कृती मानीत आले. या प्रश्नांची उत्तरे पायी हिंडून शोधणारे जे थोर संशोधक होऊन गेले, त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्थान फार वरचे आहे.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबें येथे झाला. त्यांचे वडील आचार्य धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे प्रकांड पंडित होते. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घालणाऱ्या या पित्याकडून विद्येची तळमळ मुलाच्या अंगी सहजच उतरली. १९१८ साली धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी अमेरिकेस गेले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदरही त्यांच्यासमवेत होता. तेथे शालेय शिक्षणानंतर त्याने हार्वर्डमध्ये प्रवेश मिळविला आणि १९२९ साली उच्च सन्मानासह पदवी संपादन केली. गणित हा त्याचा मुख्य विषय. परंतु ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा अनेक भाषाही त्याने आत्मसात केल्या.

स्वदेशी परतल्यावर कोसंबींनी बनारस व अलीगढ येथे आणि नंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन केले. १९४५ साली डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. गणितज्ञ म्हणून त्यांची कीर्ती देशोदेशी पसरली होती. मग हा गणिती इतिहासाकडे वळला कसा? त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे.

संख्याशास्त्राचा उपयोग एखाद्या प्रत्यक्ष प्रश्नाला करून पाहावा, म्हणून त्यांनी तक्षशिला येथे सापडलेली चांदीची प्राचीन नाणी हाती घेतली. या नाण्यांवर राजाचे नाव नसते, सालही नसते. केवळ ठशांनी उमटविलेली चिन्हे असतात. नाणे हातोहाती फिरताना किंचित झिजते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. ही झीज सूक्ष्म तराजूने मोजली, तर नाणे किती काळ बाजारात फिरले याचा अंदाज करता येईल, असे कोसंबींना वाटले. खातरजमा करण्यासाठी त्यांनी चालू व्यवहारातील हजारो नाणीही वजन करून पाहिली. जी प्राचीन नाणी अधिक झिजली होती, त्यांच्या मागील बाजूस चिन्हेही अधिक होती. ही चिन्हे व्यापाऱ्यांनी वेळोवेळी नाणे पारखताना उमटविली असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अशा रीतीने मुकी नाणी व्यापाराची कथा सांगू लागली.

आता त्यांना या व्यापाराचे मार्ग शोधण्याचा ध्यास लागला. उत्तर युरोपात मध्ययुगात ल्यूबेक, हँबुर्ग आदी नगरांतील व्यापाऱ्यांनी हान्सा नावाचा बलाढ्य संघ स्थापन केला होता. त्या संघाचे करार आणि व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्या पुष्कळ प्रमाणात जतन झाल्या आहेत. त्यामुळे तेथील संशोधकाला दप्तरखान्यात बसून मासळी, मीठ व लोकर यांच्या व्यापाराचा इतिहास लिहिता येतो. सातवाहनकालीन महाराष्ट्राची तशी एकही वही उरलेली नाही. येथील संशोधकाने करावे तरी काय?

कोसंबींनी सह्याद्रीलाच दप्तर मानले. कार्ल्याच्या स्तंभांवर कोरलेली दात्यांची नावे त्यांनी बारकाईने अभ्यासिली. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे, सुतार आहे आणि यवनही आहेत. नाशिकच्या लेण्यात तर विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवून त्यांच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च भागविल्याचा लेख आहे. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून निघालेले तांडे घाट चढून जुन्नर, पैठण, तेर या नगरांकडे जात. लेणी याच मार्गांच्या आसपास आहेत, हे कोसंबींनी ठासून सांगितले. बौद्ध विहार हे तांड्यांचे गिऱ्हाईकही होते आणि गरजेच्या वेळी द्रव्य पुरविणारी पेढीही होते, असे त्यांचे मत होते.

हे मार्ग तांड्यांच्याही आधीचे असले पाहिजेत, हे त्यांनी जाणले. सुटीच्या दिवशी ते डोंगर तुडवीत निघत. पुण्याजवळच्या टेकड्यांवर त्यांना अश्मयुगीन माणसाची गारगोटीची इवलीशी हत्यारे सापडली. धनगरांशी व गुराख्यांशी ते आपुलकीने बोलत, त्यांच्या वाटा व दैवते समजून घेत. रानातील शेंदूर लावलेले तांदळे जुन्या वाटांच्या चौकांवर असतात, हे त्यांच्या ध्यानी आले. जुन्नरच्या डोंगराला आजही मानमोडी म्हणतात; तेथील प्राचीन शिलालेखात मानमुकुड असे नाव आहे. जे नाव पोथ्यांत टिकले नाही, ते खेडुताच्या जिभेवर दोन हजार वर्षे टिकून राहिले होते!

या मार्गाने जाणे सोपे नव्हते. गणितज्ञाने इतिहासात शिरावे, हे काही पंडितांना रुचले नाही; गणिताकडे त्यांचे दुर्लक्ष होते, असेही काहींना वाटे. धेनुकाकट म्हणजे कार्ल्यानजीकचे देवघर, हे त्यांचे अनुमान सर्वमान्य झाले नाही. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांची नोकरीही संपली. तथापि त्यांनी आपली वाट सोडली नाही. त्याच वर्षी त्यांचा ‘मिथ अँड रिॲलिटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलून टाकणारा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्येच प्रकाशित झाला होता. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

राजांच्या लढायांपुरता इतिहास मर्यादित नसतो. ओझी वाहणारा बैल, त्याला हाकणारा तांडेवाला, माग चालविणारा विणकर आणि वाट दाखविणारा गुराखी यांचाही इतिहास असतो. तो वाचण्यासाठी ग्रंथांइतकीच डोळस पायपीटही आवश्यक असते, हे कोसंबींनी स्वतःच्या आचरणाने दाखवून दिले. मावळातील पाऊलवाटा त्यांच्या दृष्टीने केवळ वाटा नव्हत्या. ती इतिहासाची उघडी पाने होती.