जात, रक्त आणि डॉ. खानोलकर

पावसाळ्याच्या तोंडाला खारघरच्या डोंगरउतारावरून वाळवीचे पंखधारी थवे उठतात आणि संध्याकाळी इमारतींच्या दिव्यांवर येऊन आदळतात. वारुळात मागे राहतात ते बिनपंखी कामकरी आणि सैनिक. त्यातील सैनिकाचा जबडा इतका अवजड, की त्याला घासही दुसऱ्याने भरवावा लागतो. तरीही बहुतेक प्रजातींत राणी, सैनिक आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यांतून निपजतात. वाढीच्या वयात पिलाच्या अंगात कोणते संप्रेरक किती चढते, यावर त्याची पायरी ठरते. त्वचेवरच्या मेणचट थराचे रसायनदेखील मग गटागणिक निराळे होते. इंग्रजीत या गटांना माणसांच्या जातीचाच शब्द लावला गेला : कास्ट.

माणसांच्या जातींत असा शारीरिक भेद कितपत असतो? मुंबईच्या प्रयोगशाळेत या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रभागी होते. खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रातील ‘खानोलकर शोधिका’ त्यांच्याच नावाची.

खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातला. जन्मावरून माणसाला जोखण्याचे चटके या समाजाने पुरेपूर सोसले होते. क्वेट्टा आणि मुंबई येथील शिक्षणानंतर त्यांनी १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी मिळवली. मुंबईत ग्रँट आणि जी. एस. या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

तेथे येणाऱ्या रुग्णांत एक विलक्षण गोष्ट दिसत होती. कोणाला कोठे कर्करोग होतो, हे जातिधर्म आणि प्रांतानुसार बदलत होते. ‘रक्तातच असेल’ असे म्हणून विषय मिटवणे सोपे होते. खानोलकर यांनी मात्र रुग्णाच्या सवयी खोदून विचारल्या. तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासमवेत तीन प्रकार जगापुढे मांडले : कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने होणारा, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा आणि चुना-तंबाखूची गोळी ओठाआड ठेवणाऱ्यांचा. तिन्हींचे मूळ जातीत नव्हे, सवयीत होते.

रक्ताचा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. डॉ. एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील, आपापल्यातच विवाह करणाऱ्या सहा समाजगटांची सात आनुवंशिक लक्षणे तपासली. १९४९ चा तो निबंध भारतीय मानवी आनुवंशिकीत मैलाचा दगड ठरला. रक्तगटांचे प्रमाण गटागणिक कमीजास्त भरते. पण अ, ब, ओ यांपैकी एकही रक्तगट कोणा एका जातीची मिरास नसतो. हा फरक घडवते पिढ्यान्‌पिढ्यांची रोटीबेटीची, विशेषतः बेटीची, मर्यादा. वारुळातल्यासारखी कामाची विभागणी त्यात शोधूनही सापडत नाही.

पुढे पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद असे मानसन्मान आले. १९५२ मध्ये परळला स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्याच हाताखाली घडल्या. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा खारघर म्हणजे डोंगरपायथ्याची गावे आणि शेते होती. त्यांची संस्था येथे आली ती २००२ साली.